प्रतापगडावरचा घोडेस्वार आणि बाल्कन पर्वतातली तबकडी

पुण्याहून वाई, पसरणी घाट, पाचगणी आणि महाबळेश्वर या वाटेने प्रतापगडाकडे जाणाऱ्यांची रीघ वर्षाच्या बहुतेक दिवसांत चालूच असते. बालेकिल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा हा या सहलीचा शेवटचा टप्पा असतो आणि बहुतेकांच्या छायाचित्रांची पार्श्वभूमीही तोच पुरवतो. जावळी जिंकल्यावर १६५६ साली मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली भोरप्याच्या डोंगरावर हा गड बांधला गेला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पुतळा मात्र गडाइतकाच जुना असावा अशा सहजतेने पाहिला जातो. वास्तविक तो १९५७ सालचा आहे, आणि ज्या दिवशी त्याचे अनावरण झाले तो दिवस आधुनिक महाराष्ट्राच्या राजकारणातील अतिशय तणावाच्या दिवसांपैकी एक होता. त्या दिवशी गडावर पंतप्रधान होते आणि गडाकडे येणाऱ्या घाटांत हजारो काळे झेंडे होते. त्या झेंड्यांमागच्या संघटनेचे अध्यक्षपद एका कम्युनिस्ट नेत्याकडे होते.

डोंगरमाथ्यावर स्मारक उभारणे ही विसाव्या शतकातील राज्यसत्तांची एक आवडती रीत होती. शहरातल्या चौकात पुतळा बसवला की तो रहदारीत मिसळून जातो. डोंगरावरचे स्मारक मात्र मुद्दाम चढून जाऊन पाहावे लागते, आणि त्या चढणीमुळे पाहणाऱ्याला यात्रेकरूची भूमिका आपोआप मिळते. त्यासाठी निवडलेला डोंगर सहसा कोरा नसतो. तिथे पूर्वी कधीतरी लढाई झालेली असते, कोणी वीर पडलेला असतो किंवा एखादे दैवत नांदत असते, आणि नवी सत्ता त्या जुन्या पुण्याईत आपला वाटा मागत असते. या रीतीचे जगातील सर्वांत ठळक उदाहरण बल्गेरियात, बुझलुजा नावाच्या शिखरावर, कम्युनिस्ट राजवटीने उभारलेले स्मारकभवन होय. प्रतापगडाचा पुतळा आणि हे भवन यांच्या राजवटी, विचार आणि आकार यांत कमालीचे अंतर आहे, पण दोन्हींकडे एकत्र पाहिले असता स्मारके कशाने टिकतात या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

गडांवरची स्मृती राजकारणात आणण्याचे काम महाराष्ट्रात मुख्यतः पुण्याने केले. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पवाडा रचून त्यांना शेतकरी आणि शूद्रातिशूद्रांचा राजा म्हणून पुढे आणले. पुढे १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारण्याची चळवळ केली आणि शिवजयंतीच्या उत्सवाला सार्वजनिक रूप आले. म्हणजे एकाच राजाच्या स्मृतीवर दोन निरनिराळे हक्क एकोणिसाव्या शतकातच सांगितले गेले होते. तिसरा हक्क, आश्चर्य वाटेल, पण ब्रिटिश साम्राज्याने सांगितला. छत्रपती शाहू महाराजांच्या पुढाकारातून पुण्यात जे शिवस्मारक ठरले त्याची कोनशिला १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते बसवली गेली, आणि शिल्पकार वि. पां. करमरकर यांनी घडवलेल्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण १९२८ मध्ये मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी केले. ज्या साम्राज्याने १८१८ मध्ये मराठ्यांचे राज्य बुडवले त्याच साम्राज्याच्या प्रतिनिधींनी मराठी राज्याच्या संस्थापकाला मानवंदना द्यावी, यातील विसंगती त्या काळच्या लोकांनाही दिसत असणारच. परंतु पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींनी सांडलेल्या रक्ताची कदर करणे सरकारला सोयीचे होते, आणि स्मारक मिळणे समाजाला हवे होते.

प्रतापगडाचा पुतळा या परंपरेतील पुढचा दुवा आहे, आणि त्याला समजून घ्यायचे तर १९५६-५७ ची परिस्थिती थोडी तपशिलात पाहावी लागते. स्वातंत्र्यानंतर देशभर भाषावार प्रांतरचनेची मागणी जोर धरत होती. एकाच भाषेच्या लोकांचे सलग प्रदेश एका राज्यात आणावेत, हे तिचे सूत्र. तेलुगू, कन्नड आणि मल्याळी भाषकांना अशी राज्ये मिळाली. मराठी आणि गुजराती भाषकांसाठी मात्र १ नोव्हेंबर १९५६ पासून विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ यांसह एकच मोठे मुंबई राज्य करण्यात आले, ज्याला ‘द्विभाषिक’ म्हटले जाई. या सगळ्या तडजोडीच्या मुळाशी मुंबई शहर कोणाकडे जावे हा वाद होता. त्या वादापायी झालेल्या आंदोलनांत पोलिसांच्या गोळीबारात बळी पडलेल्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली. १०६ हुतात्मे हा आकडा त्यातूनच मराठी मनात कोरला गेला.

या आंदोलनाची संघटना म्हणजे संयुक्त महाराष्ट्र समिती. तिची स्थापना पुण्यात ६ फेब्रुवारी १९५६ रोजी झाली. अध्यक्षपदी कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे, उपाध्यक्षपदी डॉ. त्र्यं. रा. नरवणे आणि सचिवपदी प्रजासमाजवादी पक्षाचे एस. एम. जोशी अशी तिची रचना होती. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष तिच्यात एकत्र आले होते, आणि त्यात कम्युनिस्टांचे स्थान विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात दुसऱ्या महायुद्धाला लोकयुद्ध ठरवून हा पक्ष बाजूला राहिला होता, आणि त्याबद्दल त्याला पुढे अनेक वर्षे बोलणी खावी लागली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने त्याला मराठी समाजाच्या मुख्य प्रवाहात परत आणले. लाल बावटा कलापथकाचे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी शाहिरीची जुनी मराठी परंपरा कामगार चळवळीच्या कामी लावली होती. तीच शाहिरी आता मराठी राज्याच्या मागणीसाठी गावोगाव गाजू लागली. स्टालिनग्राडच्या लढाईचा पोवाडा रचणारे अण्णा भाऊ मुंबईसाठी लावणी लिहितात, ही गोष्ट या चळवळीतील दोन निष्ठा एकमेकींत किती सहज मिसळल्या होत्या हे दाखवते. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे पानिपत झाले; पुण्यातून ना. ग. गोरे लोकसभेवर आणि एस. एम. जोशी विधानसभेवर निवडून गेले, आणि डांगे मुंबईतून लोकसभेत पोचले.

अशा वातावरणात मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी प्रतापगडावरील पुतळ्याच्या अनावरणासाठी पंडित जवाहरलाल नेहरूंना बोलावले. यशवंतरावांची अडचण उघड होती. ते मराठी होते, साताऱ्याच्या परिसरात त्यांचे राजकारण रुजले होते, पण ज्या द्विभाषिकाचे ते प्रमुख होते ते राज्य त्यांच्याच माणसांना नको होते. प्रतापगडावर पंतप्रधानांनी शिवाजी महाराजांना वंदन करणे हा मराठी भावना आणि दिल्ली यांच्यात दुवा जोडण्याचा प्रयत्न होता. समितीने त्याकडे नेमके उलट पाहिले. मराठी राज्य नाकारायचे आणि मराठी राज्याच्या संस्थापकाचा पुतळा उभारायचा, हा तिच्या लेखी दुटप्पीपणा होता. त्यात नेहरूंनी तुरुंगात लिहिलेल्या जागतिक इतिहासावरील पुस्तकात अफजलखान प्रकरणाविषयी केलेली, आणि पुढे सुधारलेली, टिप्पणीही लोक विसरले नव्हते.

३० नोव्हेंबर १९५७ रोजी अनावरण झाले. समितीने भाई माधवराव बागल यांच्या नेतृत्वाखाली निदर्शने ठरवली होती, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, जयंतराव टिळक, आचार्य अत्रे, उद्धवराव पाटील अशी निरनिराळ्या विचारांची मंडळी त्यांत होती. वाईकडून चढणारा पसरणी घाट आणि कोकणातून येणारी पोलादपूरची बाजू या दोन्ही ठिकाणी निदर्शक काळे झेंडे घेऊन उभे राहिले. निदर्शने शांततेत पार पडली, आणि त्यांचे सामर्थ्य त्या शांततेतच होते, असे म्हणावे लागेल. कारण दगडफेक झाली असती तर दिल्लीला ती चार माथेफिरूंची करणी म्हणून बाजूला सारता आली असती. रस्त्याच्या कडेला शिस्तीने उभ्या असलेल्या जनसमुदायाबद्दल तसे म्हणता येत नाही. द्विभाषिकाचा निर्णय मराठी माणसांनी स्वीकारलेला नाही हे पंतप्रधानांनी प्रत्यक्ष पाहिले. १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदी आलेल्या इंदिरा गांधींनी हा प्रश्न पुन्हा विचारात घेतला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. एका घाटातील निदर्शनांमुळे राज्य मिळाले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. निवडणुकीतील पराभव, गुजरातेतील महागुजरात आंदोलन आणि यशवंतरावांनी पडद्याआड केलेले प्रयत्न यांचा वाटा मोठा आहे. तरीही या प्रश्नाचा इतिहास प्रतापगडाला वळसा घालून लिहिता येत नाही.

पुतळा स्वतः सुमारे १७ फूट उंचीचा, ब्राँझचा, आणि पूर्वीच्या राजवाड्याच्या जागी उभा आहे. घडणीच्या दृष्टीने तो भारतातील अश्वारूढ पुतळ्यांच्या रूढ शैलीला धरून आहे, आणि त्याची शैली फारशी धाडसी नाही हे मान्य करायला हवे. त्याचा प्रभाव आहे तो जागेचा. भोवतालच्या तटापलीकडे जावळीचे रान पसरलेले, समोर मकरंदगडाची जोडशिखरे, आणि पावसाळ्यात क्षणात सारे गिळून टाकणारे ढग, या चौकटीत कोणतीही मूर्ती भव्यच दिसली असती. याच सुमारास कुंभरोशी गावापासून गडापर्यंत मोटारीचा रस्ता करण्यात आला. आज जी सहल अर्ध्या दिवसात उरकते ती या रस्त्यामुळे, म्हणजे एका अर्थी त्या राजकीय समारंभामुळेच, शक्य झाली आहे.

आता बुझलुजाकडे वळू. बल्गेरियाच्या मध्यातून जाणाऱ्या बाल्कन पर्वतरांगेतील हे शिखर सुमारे १,४४० मीटर उंच, म्हणजे कळसूबाईपेक्षा दोनशे मीटरने ठेंगणे आहे. १८६८ मध्ये ऑटोमन, म्हणजे तुर्की साम्राज्याच्या सैन्याशी लढताना हाजी दिमितर या बल्गेरियन बंडखोराची तुकडी येथे कामी आली. पुढे १८९१ मध्ये दिमितर ब्लागोएव याच्या पुढाकाराने काही समाजवादी कार्यकर्ते याच शिखरावर गुप्तपणे जमले आणि त्या बैठकीतून जो पक्ष जन्मला त्याचा वारसा नंतरच्या बल्गेरियन कम्युनिस्ट पक्षाने सांगितला. राष्ट्रीय लढ्याची भूमी आणि पक्षाचे जन्मस्थान एकाच शिखरावर सापडणे हा त्या पक्षाच्या दृष्टीने मणिकांचन योगच होता. गिओर्गी स्तोइलोव या वास्तुशिल्पीने आराखडा केला, १९७४ मध्ये काम सुरू झाले, सुरुंग लावून शिखराचा माथा काही मीटरने खाली आणला गेला, आणि लष्कराच्या बांधकाम तुकड्यांसह सहा हजारांहून अधिक माणसे तिथे राबली. खर्च सुमारे १ कोटी ४० लाख लेव्हा (तत्कालीन बल्गेरियन चलन) इतका आला. त्यासाठी देशभर देणग्या गोळा करण्यात आल्या, ज्या कागदोपत्री ऐच्छिक होत्या. १९८१ च्या ऑगस्टमध्ये देशाचे सर्वेसर्वा तोदोर झिवकोव यांनी त्याचे उद्घाटन केले.

इमारतीचा आकार पाहणाऱ्याला चकित करणारा आहे. सुमारे ६० मीटर व्यासाची काँक्रीटची एक प्रचंड तबकडी शिखरावर उतरल्यासारखी दिसते आणि तिच्या बाजूला ७० मीटर उंचीचा मनोरा उभा आहे, ज्याच्या दोन्ही अंगांना लाल काचेचे तारे बसवलेले होते. आतल्या गोल सभागृहाच्या भिंती कुट्टिमचित्रांनी मढवल्या होत्या. कुट्टिमचित्र म्हणजे रंगीत काचेचे किंवा दगडाचे बारीक तुकडे जोडून केलेले चित्र. येथे अशा चित्रांखाली ९०० चौरस मीटरहून अधिक भिंत झाकली गेली होती आणि त्यांसाठी साठाहून अधिक कलावंतांनी काम केले होते. मार्क्स, एंगल्स आणि लेनिन एका बाजूला, तर ब्लागोएव, दिमित्रोव आणि खुद्द झिवकोव हे बल्गेरियन नेते दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी होती. हयात सत्ताधाऱ्याने स्वतःचा चेहरा भिंतीवर चढवून घ्यावा आणि त्याच भिंतीसमोर उद्घाटनाचे भाषण करावे, यापेक्षा अधिक उघड आत्मविश्वास शोधूनही सापडणार नाही.

तो आत्मविश्वास आठ वर्षे टिकला. १० नोव्हेंबर १९८९ रोजी झिवकोव यांना पायउतार व्हावे लागले (प्रतापगडाच्या लढाईचीही तारीख हीच, पण या योगायोगाला योगायोगापलीकडे अर्थ नाही). नव्या राजवटीला या भवनाचे काय करावे ते कळेना. पहारा उठला, छताचा तांब्याचा पत्रा चोरीला गेला, लाल ताऱ्यांची काच फुटली, झिवकोव यांचा भिंतीवरचा चेहरा कोणीतरी खरवडून काढला, आणि उघड्या पडलेल्या छतातून दर हिवाळ्यात बर्फ आत येऊ लागले. गंमत अशी की ही पडझड झाल्यावरच त्याची कीर्ती जगभर पसरली. छायाचित्रकार आणि भटके फुटक्या खिडकीतून आत शिरू लागले आणि ओसाड सभागृहाची छायाचित्रे सर्वत्र फिरू लागली. तरुण वास्तुशिल्पी डोरा इव्हानोव्हा यांनी इमारत वाचवण्याचा ध्यास घेतला. २०१८ मध्ये युरोपा नोस्ट्रा या वारसासंस्थेने तिला युरोपातील सर्वाधिक धोक्यातील सात स्थळांत गणले, पुढच्या वर्षी अमेरिकेतील गेटी प्रतिष्ठानाने अभ्यासासाठी अनुदान दिले आणि त्यातून कुट्टिमचित्रांच्या जतनाचे काम सुरू झाले. इमारत वाचवावी म्हणजे त्या राजवटीचा गौरव करावा असे नव्हे, हे इव्हानोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे बल्गेरियात सर्वांना पटलेले नाही. ज्यांच्या घरातील माणसे छळछावण्यांत गेली त्यांना ते पटावे अशी अपेक्षाही करता येत नाही.

बुझलुजापासून थोड्याच अंतरावर, त्याच पर्वतरांगेत, शिपका खिंड आहे. १८७७-७८ च्या रशिया-तुर्की युद्धात तिथे घनघोर लढाई झाली होती आणि तिच्या स्मरणार्थ लोकवर्गणीतून बांधलेला दगडी बुरुज १९३४ मध्ये खुला झाला. राजेशाही गेली, कम्युनिस्ट आले आणि गेले, तरी शिपकाच्या पायऱ्या चढणारी गर्दी ओसरली नाही. बुझलुजाचा प्रकल्प मात्र एका पक्षाचा होता. त्याची देखभाल, त्यावरचे समारंभ, तिथे बसगाड्या भरून आणले जाणारे लोक, हे सारे त्या पक्षाच्या यंत्रणेवर चालत होते, आणि यंत्रणा थांबताच तिथे जाण्याचे कारणच उरले नाही.

प्रतापगडाचे तसे झाले नाही. अनावरणानंतर अडीच वर्षांच्या आत द्विभाषिक राज्य संपले, निदर्शने करणारी समितीही पुढे विस्कटली, १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्षाची दोन शकले झाली, आणि तरीही पुतळ्याकडे पाहून कोणालाही राग येत नाही. काळ्या झेंड्यांचा रोख मुळात पुतळ्यावर नव्हताच. विरोधकांनाही तो राजा आपलाच वाटत होता; कोल्हापूरचे कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी १९८८ मध्ये ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका लिहून डाव्या बाजूने तोच हक्क पुन्हा मांडला. शिवाय गडावर लोक पुतळ्यासाठी येण्याआधीपासून येत होते. शिवाजी महाराजांनी तिथे स्थापन केलेल्या भवानीमातेचे मंदिर १६६१ पासून नांदते आहे आणि त्याच्या नवरात्राला शासकीय आदेशाची गरज कधी पडली नाही. स्मारक उभारणारी सत्ता आणि स्मारकाकडे येणारी माणसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतापगडावर पहिली बदलत राहिली, दुसऱ्यांचा राबता चालू राहिला.

महाराष्ट्रात डाव्या चळवळीचे स्वतःचे असे डोंगरावरचे स्मारक नाही. तिची सर्वांत जवळची खूण मुंबईच्या हुतात्मा चौकात दिसते, जिथे मशाल उंचावून उभे असलेले शेतकरी आणि कामगार हे दोन पुतळे आहेत. श्रमिकाला वीरपुरुषाच्या पवित्र्यात दाखवण्याची ही पद्धत ‘समाजवादी वास्तववाद’ या नावाने सोव्हिएत संघात १९३० च्या दशकात अधिकृत कलाधोरण झाली होती आणि तिचे पडसाद भारतभर उमटले. नको झालेल्या स्मारकाचे काय करावे याचे एक उत्तरही त्याच मुंबईत सापडते: राजा सातवा एडवर्ड यांचा अश्वारूढ पुतळा, म्हणजे मूळचा काळा घोडा, १९६५ मध्ये चौकातून काढून भायखळ्याच्या संग्रहालयाच्या आवारात नेला गेला. बुडापेस्टने १९९३ मध्ये आपल्या कम्युनिस्ट पुतळ्यांचे एक उद्यानच करून टाकले. तोडफोड आणि पूजा यांच्यामधला हा मार्ग समंजस आहे, आणि मुंबईने तो बुडापेस्टच्या बऱ्याच आधी चोखाळला होता याची दखल क्वचितच घेतली जाते.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यात प्रतापगड आहे. ही मान्यता सतराव्या शतकातील तटबुरुजांसाठी, माची आणि बालेकिल्ल्याच्या रचनेसाठी, डोंगराच्या घडणीचा लढाईत करून घेतलेल्या उपयोगासाठी आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु गडाच्या इतिहासात १९५७ हे पानही आहे. पुण्यातील शाळांच्या सहली दर हिवाळ्यात पसरणी घाटातूनच वर चढतात. सहलीबरोबर जाणाऱ्या शिक्षकांनी घाटाच्या एखाद्या वळणावर बस थांबवून, या रस्त्याच्या कडेला काळे झेंडे घेऊन कोण उभे होते, ते काय मागत होते आणि त्यांतले किती जण एरवी एकमेकांचे कट्टर विरोधक होते, एवढे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.